शाईच्या मानेवरचा लाल डाग

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळेत चित्रकलेच्या तासाला मी एकदा निळा घोडा रंगवला होता. मास्तरांनी कान पिरगाळून विचारलं, असला घोडा कुठे पाहिलास रे? त्यांना आज उत्तर देता आलं असतं. आज पाहिला. नुसता निळा नव्हे. पोट हिरवं, पाय जांभळे, नाकपुड्या पिवळ्या, आणि मानेच्या मुळाशी, डाव्या अंगाला, पिकल्या टोमॅटोसारखा लाल डाग.

लेकीचा नवा कॅमेरा असा आहे. तो रूप टिपत नाही, ऊब टिपतो. थंड ते निळं, ऊन ते पिवळं, फार ऊन ते लाल, त्याहून ऊन ते पांढरं. जिथे मांस आखडलंय, सुजलंय, तिथे कातडी तापते, असं तिचं म्हणणं. मग तिथे नेमकी मालिश करायची. इतकी वर्षं ती हॉस्पिटलात माणसांचे खांदे आणि गुडघे सैल करत होती. ते सोडून आता घोड्यांच्या मागे लागली आहे. माणसं दुखलं की ओरडतात, घोडे ओरडत नाहीत, म्हणून त्यांना जास्त गरज, हे तिचं कारण. मला ते पटलं नाही, पण कवितेसारखं वाटलं म्हणून गप्प बसलो.

चित्र ज्या घोडीचं, ती घोडेस्वारीच्या शाळेतली. काळीभोर. ठाणाच्या पाटीवर तिचं भलतंच भारदस्त नाव लिहिलंय. मी तिला शाई म्हणतो. नवशिक्यांना आजवर हिच्याच पाठीवर बसवत आले, इतकी गरीब. पण हल्ली खोगीर पाहिलं की कान मागे पाडते, उजवीकडे वळायचं नाव घेत नाही, आणि मैदानाच्या मध्यावर खांब पुरल्यासारखी उभी राहते. घोड्यांच्या डॉक्टरांनी पाय, खूर, दात सगळं तपासलं. हाती काही लागलं नाही.

शाळेच्या मालकीणबाईंनी आज लेकीला स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत ही नीट चालायला लागली तर माझ्या सगळ्या घोड्यांचं काम तुझं. नाही तर हिला मी गाडीवाल्याला देऊन टाकते, जुंपेल तो ओझ्याला. आणि तुझा कॅमेरा तू घरी ने."

लेक बरं म्हणाली. मी तिच्या मागे बादली धरून उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही. या उद्योगात मी म्हणजे निव्वळ खोगीरभरती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल चित्राआधी घोडीला धरून मीच उभा होतो, आजपासून ते रीतसर माझं काम झालं. चित्र काढायच्या आधी अर्धा तास घोडीला आतल्या बंदिस्त जागेत उभी करायची. ऊन नको, वारा नको, पाठीवर पांघरूण नको, खरारा नको. "आणि कोणी हात लावायचा नाही," लेकीने बजावलं. "तिची स्वतःची ऊब दिसली पाहिजे, दुसरी कसली नाही." तेवढ्या वेळात ती कॅमेरा जुळवते आणि ऑफिसात मालकीणबाईंचे प्रश्न झेलते. म्हणून राखण माझ्याकडे.

राखण मी चोख केली. मोतद्दार खरारा घेऊन आला. घोडीची घासपूस इतकी वर्षं तोच करतो, त्यामुळे सवयीने आला. मी त्याला दारातच अडवलं.

"आजोबा, शेपटीत काडी अडकलीय. तेवढी काढतो की."

"अर्ध्या तासाने काढा. नियम आहे."

"आणि तुम्ही हो?"

"मी राखणीला आहे."

तो हसत गेला. हसू दे. राखणदाराला जग हसतंच.

शाई एकटी उभी राहत नाही. दोर ओढते, खूर आपटते. मग मी तिच्या डाव्या बाजूला जातो. माझा गुडघा धड नाही म्हणून तिला जरासा टेकतो, मानेच्या मुळाशी तळहात ठेवतो आणि कविता म्हणतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात माळावरच्या वाऱ्याची एक कविता होती, ती.

माळावरुनी वारा आला,
दार कुणाचे ठोठावुन गेला...

तिसरी ओळ आठवत नाही. चौथी पक्की आठवते. तिसरीच्या जागी मी हूं हूं करतो. शाईचे डोळे मिटतात, खालचा ओठ लोंबायला लागतो. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर असंच व्हायचं, तिथे मात्र छडी मिळायची.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लेकीची मालिश बघत राहावी अशी असते. आधी पंजा पालथा करून नुसता फिरवते, मग अंगठे, मग कोपराखालचा हात आडवा दाबून सगळं वजन त्यावर टाकते. चित्रात लाल डाग जिथे होता, तिथेच, डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी. शाईने एवढी मोठी जांभई दिली की तिचे दात मोजता आले असते.

डॉक्टर आले होते. त्यांनी त्या जागी बोटांनी चाचपलं, दाबलं, घोडीने शेपूटसुद्धा हलवली नाही. "इथे काही नाही, बाई," ते म्हणाले. "ताप तुमच्या कॅमेऱ्याला आलाय. त्याला गोळी द्या."

मोतद्दार खो खो हसला. लेक हसली नाही. मी डॉक्टरांना काहीतरी झणझणीत ऐकवणार होतो, पण ते आठवेपर्यंत त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली होती. माझी सगळी उत्तरं अशीच रिकाम्या फाटकाला मिळतात.

माझा उजवा खांदा गेले काही दिवस ठणकतो आहे. गाडीत लेकीला सांगितलं. "बघते बाबा, नंतर," म्हणाली. मलाही चार पाय असते तर आधी नंबर लागला असता.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. लेकीच्या कामाच्या कपड्यांना इस्त्री केली. ती नको म्हणते, घोड्याला कुठे कळतंय. मला कळतं. उभा जन्म लाँड्रीच्या टेबलामागे गेला. सुरकुती दिसली की हात आपोआप उठतो.

शाळा सातवीत सुटली आणि इस्त्री हातात आली. शिकलो ते तेवढंच, म्हणून तेवढंच घट्ट धरून राहिलो. लोकांच्या सदऱ्यांवर वाफ सोडत मी पुस्तकातल्या सगळ्या कविता म्हणायचो. लेक तेव्हा टेबलाखाली बसून गुंड्यांशी खेळायची. गिऱ्हाईक म्हणायचं, कविता नको, कॉलर नीट करा.

त्या इस्त्रीने माझ्या उजव्या हाताची करंगळी एकदा भाजली ती कायमची वाकडी झाली, आणि हात कायमचे गरम. हिवाळ्यात ही, लेकीची आई, माझे दोन्ही हात ओढून आपल्या पाठीवर ठेवून घ्यायची. म्हणायची, तुम्हाला बाकी काही येत नसलं तरी चालेल. आता ही नाही, हात आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पुन्हा चित्र. लाल डाग जिथल्या तिथे. लेकीने बाकीचं घोडं पाहायला बटणं खालीवर केली, पण तो डाग इतका भडक की त्यापुढे बाकी सगळं निळं आणि मेलेलं.

"इतकी मालिश करून तसूभर कमी नाही," ती म्हणाली. "असं कसं होईल?"

दुपारी मालकीणबाईंनी शाईवर एका नवशिक्या बाईंना बसवलं. दोन फेऱ्या झाल्या आणि उजवं वळण आलं तशी शाई थांबली. बाईंनी टाच मारली, गोंजारलं, आर्जवं केली. शाई म्हणजे दगड.

"बघितलंस?" मालकीणबाई लेकीला म्हणाल्या. "तुझ्या मालिशने घोडी झोपते छान. मला चालणारी हवी होती."

लेक घरी येऊन जेवली नाही. मी म्हटलं, काळजी नको करू, मी आहे ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आहे म्हणजे नक्की काय आहे, हा प्रश्न मलाच पडला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी कडाक्याची थंडी. शाईच्या तोंडातून वाफा निघत होत्या. तिला पांघरूण घालायचं नाही असा नियम, म्हणून मला तिची फार दया आली. आज तिला जास्त बिलगून उभा राहिलो. दोन्ही हात मानेवर, गाल खांद्यावर. मोतद्दार दारातून डोकावला. "कविराज, आज लग्नच लावता की काय?" म्हणाला. त्याला हातानेच परत पाठवलं. हात लगेच जागेवर ठेवला, शाईची झोप मोडायला नको.

चित्रात आज एकाचे दोन डाग झाले. एक मोठा, एक गोल, शेजारीच.

"पसरतंय," लेक म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी करतेय त्याने पसरतंय की काय?"

हिने हॉस्पिटल सोडलं तेव्हा सगळे म्हणाले होते, आठवड्याचे सात दिवस शेण आणि निराशा. मी एकटा म्हणालो होतो, पोरी, जा. कशाच्या जोरावर म्हणालो? घोड्यांच्या दोन कविता पाठ होत्या, त्याच्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ताप. सर्दी. लेकीने गोळी, पाणी आणि मफलर हाताशी ठेवून मला घरीच राहायला सांगितलं. दिवसभर छताकडे बघत तिसरी ओळ शोधली. कधी 'अंगणात' ने सुरू होते असं वाटतं, कधी 'पाऊल'ने. दोन्हीपैकी एकही खरं नाही हे जिभेला कळतं.

संध्याकाळी लेक आली ती उड्या मारायची बाकी. "बाबा, डाग गेला. पार गेला. मान निळीशार."

"मग चालली का?"

"चालत नाही अजून. पण डाग गेला."

आनंद झाला. तरी मनात एक कुसळ राहिलं. इतके दिवस मी राखण केली आणि डाग जायचा तो माझ्यामागे गेला. आज मोतद्दार राखणीला होता म्हणे. तो दारात स्टुलावर बसून विड्या ओढत होता. असली राखण.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अंगात थोडी कणकण होती, तरी गेलो. शाईला दोन दिवस कविता मिळाली नव्हती. तिने मला बघून मान पार माझ्या हातांपर्यंत खाली घातली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

चित्र आलं. डाग परत. लाल नव्हे, पांढरा. इतका कडक अजून कधीच दिसला नव्हता.

लेकीने कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. मग जुनी सगळी चित्रं एकामागून एक बघत बसली, मालिश राहिलीच. घरी परतताना गाडीत तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "बाबा, त्या अर्ध्या तासात तुम्ही कुठे उभे असता?"

"शाईजवळ. आणखी कुठे?"

"म्हणजे किती जवळ?"

"राखण करायची म्हणजे जवळच की. हात कोणाला लावू दिला नाही मी. मोतद्दाराला विचार."

घराशी आल्यावर म्हणाली, "उद्यापासून तुम्ही घरी थांबा बाबा. थंडी फार आहे."

गुरुवार, २० नोव्हेंबर

थंडी आहे म्हणे. आज दिवसभर लख्ख ऊन.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मला काढून टाकलं आहे. बोलायला थंडी, पण मी लहान नाही. मालकीणबाई काहीतरी बोलल्या असणार: हा म्हातारा बादली घेऊन तबेल्यात कविता काय म्हणतो, लोक हसतात. आणि लेकीला माझी लाज वाटली असणार. तिच्या जागी मलाही वाटली असती, हेच तर जास्त लागतं.

तिच्या कपड्यांना आज इस्त्री केली नाही. मग दुपारी केली.

संध्याकाळी ती सांगू लागली. तिने आज स्वारी झाल्याबरोबर खोगीर उतरवून त्याची खालची बाजू कॅमेऱ्याने टिपली. डावीकडची गादी सगळीकडे सारखी पिवळी, आणि उजवीकडे मुठीएवढा पांढरा गोळा. आत भरलेली लोकर तिथे गुठळी होऊन दगडासारखी झाली आहे. शाईच्या पाठीला नेमकी तिथे, उजवीकडे, टोचणी. म्हणून ती उजवीकडे वळत नाही.

"आधी का नाही दिसलं?" मी विचारलं.

"आधी मी तिकडे पाहिलंच नाही," ती म्हणाली आणि ताटात बघत राहिली.

मी शाब्बास म्हणालो. पण मी नसताना सगळं सापडतं, मी नसताना डाग जातो. आता हा माणूस घरी असला की कामाला बरकत, असं म्हणायचं तेवढं राहिलं आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज मालकीणबाईंना निकाल द्यायचा होता, हे लेकीच्या बोलण्यातून कळलं होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं. बसने गेलो.

आतल्या जागेच्या दाराशी पोहोचलो तर आतून आवाज. लेक शाईपासून चांगली सहा हात लांब उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, आणि हळूहळू म्हणत होती:

माळावरुनी वारा आला,
दार कुणाचे ठोठावुन गेला,
हूं हूं हूं हूं, हूं हूं हूं हूं...

आणि मग चौथी ओळ, बिनचूक. शाईचा ओठ लोंबला होता. मी दाराआडच थांबलो. टेबलाखाली बसून हिने ती कविता जशी ऐकली तशी उचलली, हूं हूं सकट. तिला वाटतं ती ओळ तशीच आहे. म्हणजे ती ओळ मी आता म्हातारपणी विसरलेलो नाही. लेक गुंड्यांशी खेळायची तेव्हाच गेली होती.

मग सगळे मैदानावर जमले. खोगिराची गादी खोगीर शिवणाऱ्याकडून नव्याने भरून आणली होती. मोतद्दाराने शाईवर ते चढवलं, तिने कान पाडले नाहीत. तो स्वतः बसला. डावं वळण, उजवं वळण, मग दुडकी. शाई नदीसारखी वळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी मफलरने टिपलं.

मालकीणबाई मात्र कुंपणावर कोपर टेकून तशाच उभ्या. "घोडी ठेवते मी," त्या म्हणाल्या. "पण ती खोगिराने बरी झाली. इतके दिवस तू मानेवर काय चोळत होतीस? कॅमेरा म्हणत होता मान, आणि मानेत काही नव्हतं. उद्या दुसऱ्या घोड्याचा पाय दाखवेल. तोही मी चोळून घ्यायचा?"

डॉक्टरही होते. ते म्हणाले, "माझाही तोच प्रश्न आहे."

लेकीने खाली पाहिलं. "चूक माझी आहे. चित्राच्या आधी घोडी नीट उभी केली नव्हती."

"नीट म्हणजे? उभं राहण्यात काय चुकतं?"

लेक कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागली. मालकीणबाईंनी मान हलवली, ती नकाराची होती हे मला लांबून कळलं. मला राहवलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उत्तर वेळेवर सुचलं.

"चूक कसली?" मी पुढे झालो. "उभी मी करत होतो. ऊन नाही, वारा नाही, खरारा नाही. एक माशी बसू दिली नाही मी तिच्यावर. अर्धाच्या अर्धा तास जागचा हललो नाही. हा हात," मी हात वर करून सगळ्यांना दाखवला, "हा हात तिच्या मानेवरून क्षणभर काढला नाही. आता बोला."

मोतद्दाराने घोडीवर बसल्याबसल्या टोपी काढून तोंडावर धरली. डॉक्टर जवळ आले, त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काका, तुमचा हात नेहमी इतका गरम असतो?"

"नेहमी," मी म्हणालो. "लाँड्री होती माझी."

मालकीणबाई लेकीकडे वळल्या. "प्रत्येक चित्राच्या वेळी?"

"हो."

"आणि तो एक दिवस डाग नव्हता तेव्हा?"

"तेव्हा बाबा घरी होते. ताप होता."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

लेक बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली. मालकीणबाई आधी नुसत्या बघत होत्या. मग हसायला लागल्या, इतक्या की कुंपणाला धरून खाली बसल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "म्हणजे कॅमेऱ्याला ताप नव्हता तर." आणि लेकीला, "सोमवारपासून तो तांबडा घोडा घे. मग बाकीचे. आणि काका, तुम्ही यायचं, नक्की यायचं. लांब बसायचं."

काम मिळालं. माझ्या बोलण्यामुळे मिळालं एवढं नक्की. परतताना गाडीत डोक्यात काहीतरी उलगडू पाहत होतं, पण मी त्याला उलगडू दिलं नाही. खिडकीबाहेर झाडं बघत राहिलो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी चहा झाल्यावर मीच म्हणालो, दाखव.

लेकीने, माझ्या अंगात कणकण होती त्या बुधवारचं चित्र काढलं आणि बोटांनी मोठं केलं. इतके दिवस मी डाग म्हणत होतो. डाग नव्हता तो. तळवा होता, चार बोटं वर, अंगठा घोडीच्या डोक्याकडे. आणि करंगळी वाकडी.

आधीची चित्रं इतकी स्पष्ट नव्हती, तिथे हात सरकलेला, पुसट झालेला. थंडीच्या दिवसातला तो दुसरा गोल डाग माझा गाल. आणि मग तिने दाखवलं ते सर्वांत वाईट: मी होतो त्या प्रत्येक चित्रात उजव्या पाठीवर मुठीएवढी फिकट पिवळी सावली. कॅमेरा सगळ्यांत गरम जागेला लाल किंवा पांढरं करतो आणि बाकीच्यांना तिच्या मानाने रंग देतो. माझा हात लाल झाला म्हणून शाईचं खरं दुखणं फिकं पडलं. मी घरी होतो त्या दिवशी ते लाल उमटलं होतं, पण लेक तेव्हा फक्त मानच बघत होती. राखण करता करता मी ते झाकून बसलो होतो.

म्हणजे इतके दिवस लेक दोन्ही अंगठ्यांनी, सगळं वजन टाकून, त्या घोडीच्या मानेवरून माझाच हात पुसत होती.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही तबेल्यात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. ओळखत नाही का मी तुम्हाला."

"आणि काम गेलं असतं तर?"

"गेलं असतं," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

मला तिचा राग आला. मग माझा आला. तो मात्र अजून गेलेला नाही. हात खिशात घालून दिवसभर घरात फिरलो, जसे काही ते माझे नव्हेतच.

मंगळवार, २ डिसेंबर

काल घरीच राहिलो, हातांना शिक्षा म्हणून. आज लेक ऐकेना, गाडीत बसवूनच नेलं. तांबड्या घोड्याचं काम काल सुरू झालंय, पण आज शाईची पाठ पुन्हा तपासायची होती. आतल्या जागेत लेकीने खडूची रेघ मारून ठेवली आहे. रेघेच्या अलीकडे एक स्टूल. "तुमची जागा," म्हणाली. माझ्या नशिबात शेवटी बाहेरचाच बाक आला.

बसलो. हात मांडीखाली दाबून धरले. कविता म्हटली, हूं हूं सकट. शाई ऐकत होती, पण कान एकसारखे माझ्याकडे, आणि डोळे मिटेनात. मी आणखी मोठ्याने म्हटली. तिने दोर ताणला. गाठ मोतद्दाराने मारलेली, तेव्हा ती सुटायचीच. शाई शांतपणे चार पावलं चालत आली, खडूची रेघ ओलांडली आणि आपली हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर ठेवून उभी राहिली. सगळं वजन माझ्यावर. मी हात काढले नाहीत. खांद्यातून कळ गेली, तरी काढले नाहीत.

लेक कॅमेरा घेऊन आली आणि दारातच थबकली. "बाबा, काय हे?"

"माझे हात कुठे आहेत ते बघ आधी," मी म्हणालो. "मग बोल."

तिने शाईला परत नेऊन बांधलं. आता पुन्हा अर्धा तास थांबणं आलं. मी कुरकुर करणार होतो, पण तिने कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि बटण दाबलं. मग माझ्याजवळ येऊन चित्र पुढे धरलं. निळा म्हातारा, पिवळं नाक, मफलर हिरवा. आणि उजव्या खांद्यावर घोडीच्या हनुवटीएवढा लाल डाग.

तिने कॅमेरा खाली ठेवला, माझ्या मागे आली आणि त्या जागेवर अंगठा टेकवला. "इथे दुखतंय का?"

नाही म्हणणार होतो. जिभेवर आलंच होतं.

"हो," मी म्हणालो. "इथेच."